तक्ता क्रमांक सात

अप्पा बळवंत चौकात, गाइडांच्या दुकानांमागे,
जिना चढून डावीकडे आमचं डीटीपी.
पानाला पंचेचाळीस रुपये, तक्ता असेल तर साठ.
सध्या माझ्याकडे बालविकास आहे,
म्हणजे डी.एड.च्या पोरींसाठी प्रकरण तीन,
आणि टेबलाखाली, कागदाच्या रिमांच्या खोक्यात,
मृदा. सतरा महिने.

पाळणाघर परवडत नाही.
तिचा बाबा चाकणला, रात्रपाळीला.
तो जागा असतो तेव्हा ती झोपलेली, नाहीतर उलट.
'वस्तू नजरेआड झाली तरी ती अस्तित्वात असते,
हे बालकास आठव्या महिन्याच्या सुमारास उमगू लागते.'
टाइप करताना हसू आलं.
ती दारामागच्या त्याच्या शर्टाला बाबा म्हणते.

दिवसभर खोडरबर खोक्याबाहेर टाकते.
मी वाकून देते. ती टाकते.
पुस्तक म्हणतं, हा प्रयोग आहे,
बालक कार्यकारणभाव तपासत असते.
वाकणाऱ्याच्या कमरेबद्दल पुस्तकात काही नाही.

शेजारच्या बाइंडिंगमधून युसूफभाई
कटिंगच्या पट्ट्या आणून देतात तिला.
एकेक पट्टी अंगठा नि तर्जनीत धरून
ती उजेडात बघते, जणू धनादेश.
चिमटीची पकड, नऊ ते दहा महिने:
हे तिला वेळेवर जमलं होतं.
ती ओळ मी ठळक केली होती.
मग कुणी बघायच्या आत साधी केली.

मान धरणे, तीन. पालथे पडणे, पाच.
आधाराविना बसणे, सात. धरून उभे राहणे, दहा.
इथवर बोटं नीट चालली.
पुढे 'चालणे', आणि त्यासमोर
१२ च्या जागी २१ पडलं.
चूक म्हणा.
आकडे तेच, नुसती कूस बदललेली.

घरी तुळशीबागेतला पांगुळगाडा आहे, लाल-हिरवा.
त्याच्यावर आम्ही लंगोट वाळत घालतो.
ससूनच्या बाई म्हणाल्या, अठरापर्यंत थांबू, मग बघू.
सासरचे म्हणाले, आमच्यात सगळे दहाव्यातच धावले.
सगळे. मी त्या सगळ्यांना ओळखते,
कुणी फार लांब गेलेलं नाही.

प्रुफं पानसे सर बघतात.
ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी सख्खा मेहुणा तोडलाय.
लाल पेन तक्त्यावरून सरकत आलं, थांबलं,
२१ भोवती गोल.
"अहो, हे चालणार नाही," म्हणाले.

पंख्याचा आवाज.
खोडरबर त्यांच्या बुटाशी येऊन पडलं.

त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं असावं.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
मग खुर्ची धरून वाकले, गुडघा कडकन वाजला,
आणि रबर दिलं. तिने टाकलं. त्यांनी दिलं.
पाचदा. मी मोजलं.
उठताना समासात बारीक अक्षरात लिहिलं:
'मुलामुलांत फरक असतो, अशी तळटीप घालावी काय?'
प्रश्नचिन्हसुद्धा लाल.

दुपारी दुरुस्तीला बसले.
२१ खोडलं, १२ केलं,
तळटीप जुळवत होते, फाँट धरत नव्हता,
तोच पडदा काळा झाला.
सेव्ह केलं नव्हतं.

खाली बघितलं.
खोकं रिकामं, आडवं झालेलं.
मृदा सीपीयूला धरून उभी,
गुडघे लटलट कापताहेत,
तर्जनी अजून त्या गोल बटणावर,
नि तोंडावर असा भाव, की बघ,
हे असं केलं की ते तसं होतं.

किती वाजले होते सांगता येणार नाही,
घड्याळ कॉम्प्युटरमध्येच होतं.
काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो,
त्यातली बसलेली मी.

भिंतीपलीकडून युसूफभाई ओरडले,
"लाइट गेली का हो?"
मी म्हटलं, नाही.